सोनोग्राफीत फुगलेल्या शिरा आणि गर्भाशय काढण्याचा सल्ला

ताई, दुसऱ्या बाळंतपणापासून तुमचे ओटीपोट डावीकडे जड होऊन दुखते, म्हापशाच्या दुकानात दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी ते असह्य होते, सोनोग्राफीत अंडाशयाच्या शिरा फुगलेल्या दिसल्या आणि घरातल्या बायका ‘पिशवी काढून टाक’ म्हणतात, असे तुम्ही लिहिले आहे. मी डॉक्टर नाही; हेच दुखणे सहा वर्षे काढलेली फोंड्याची बाई आहे. पिशवीची घाई करू नका, एवढे मात्र नक्की सांगते.

पायांच्या फुगलेल्या शिरांसारखाच हा प्रकार आहे. रक्त मागे फिरू न देणाऱ्या झडपा शिरांमध्ये असतात. गरोदरपणात वाढलेल्या रक्तामुळे व संप्रेरकांमुळे शिरा ताणल्या गेल्या की त्या झडपा नीट मिटत नाहीत आणि रक्त खाली साचते. उजव्या अंडाशयाची शीर थेट महाशिरेला मिळते. डावी मात्र आधी मूत्रपिंडाच्या शिरेला जवळजवळ काटकोनात मिळते, म्हणून त्रास बहुधा डावीकडे.

मी कालनिर्णयच्या चौकोनात रोज संध्याकाळचे दुखणे दहापैकी आकड्यात लिहीत असे. पाळीआधीच्या आठवड्यात सात-आठ, आणि फोंडा-पणजी बसमध्ये उभ्याने आलेल्या दिवशी हमखास आठ. तासभर आडवे झाले की तीन. डॉक्टरांना माझ्या वर्णनापेक्षा त्या पानांनीच जास्त कळले. त्याआधी झालेल्या दुर्बिणीच्या तपासणीत काहीच सापडले नव्हते, कारण आडवे झोपवून पोटात वायू भरल्यावर या शिरा चपट्या होऊ शकतात. डॉप्लर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, उभ्याने किंवा श्वास रोखून जोर करायला लावून करता येईल का, हे अवश्य विचारा.

मात्र फुगलेल्या शिरा असूनही कसलाच त्रास नसलेल्या बायका पुष्कळ असतात. त्यामुळे एन्डोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखे ऊतक पिशवीबाहेर वाढणे), मूत्राशय आणि आतड्यांची कारणे तपासल्याशिवाय सगळा दोष शिरांवर टाकू नये.

उपचारात काहींना संप्रेरकांच्या गोळ्यांनी आराम पडतो. दुसरा मार्ग म्हणजे मानेच्या किंवा मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालून बिघडलेली शीर धातूच्या कॉइलने, म्हणजे बारीक तारेच्या वेटोळ्याने, बंद करणे. हे काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात, तेव्हा बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवा की खासगीत, या रेडिओलॉजिस्टचेही मत घेऊन द्या, असे स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. केवळ पिशवी काढल्याने अंडाशयाच्या शिरेतला उलटा प्रवाह थांबेलच असे नाही. माझे दुखणे कॉइलनंतर पूर्ण गेले नाही, पण आठवरून दोनवर आले.

आणखी एक, योनीच्या बाहेर किंवा जांघेत निळसर शिरा दिसत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. मी लाजेने ते दोन वर्षे सांगितले नव्हते.