मार्चअखेरीला भावकीत पैसे फिरवून सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करणं बरोबर आहे का?

बरोबर-चूक नंतर बघू. नवं-जुनं म्हणजे गावच्या सोसायटीचं जुनं पीककर्ज भरायचं आणि लगेच नवीन उचलायचं. करतात सगळेच. खरिपाच्या कर्जाची मुदत 31 मार्चला संपते, सोयाबीन भाव वाढेल म्हणून घरात पडलेलं असतं, मग पैसे आणायचे कुठून? पूर्वी आठवड्यासाठी व्यापाऱ्याकडून शेकडा तीनने उचलायचो. त्यापेक्षा भावकी बरी, असं आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं मत. पेरणीला बैलांचा पैरा चालतो, आज माझा बैल तुला, उद्या तुझा मला, तसा पैशांचा का चालू नये?

2023 च्या मार्चमध्ये आमचं उसाचं बिल आलं होतं. आबांनी 1,40,000 मोजले, रबर लावलं आणि आधी एका चुलत्यांना, बापूंना दिले. बापूंनी भरणा केला, नवीन कर्ज उचललं आणि पाचव्या दिवशी पैसे आणून दिले. रबरसुद्धा तेच. मग तेच पैसे धाकट्या चुलत्यांना, म्हणजे तात्यांना दिले. शेवटचा नंबर आमचा.

तात्यांचं नवीन कर्ज मंजूर झालं, पैसेही निघाले. 22 मार्चला पाडवा. तात्यांच्या दारात हार घातलेली नवी मोटरसायकल! आबा संध्याकाळी गेले, तर काकूंनी पुरणपोळी वाढली आणि तात्या म्हणाले, "दादा, आठ दिवसांत बघतो."

ते आठ दिवस जूनमध्ये संपले. आम्ही थकबाकीदार झालो. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं तर शून्य टक्के; तारीख चुकली की सवलत गेली. 6 टक्क्यांनी 8,400 रुपये, वर दंडव्याज. वीस वर्षं एकदाही थकले नव्हते आबा. यादीत नाव लागलं तेव्हा सोसायटीच्या पायरीवरून चप्पल हातात घेऊन परत आले, घालायचीच विसरले.

म्हणून माझं स्पष्ट मत: आधी आपलं खातं निल करा, मग भाऊ. चार माणसांसमोर कागद करा. भावाकडून कागद घ्यायला लाज वाटते म्हणणाऱ्यांना (आबा, तुम्हालाच म्हणतोय) नंतर जास्त लाज वाटते.

आणि हो, नवं-जुनं केल्याने कर्ज फिटत नाही, फक्त वर्षभर पुढे जातं. नवीन मंजुरी अडकली तर फिरवलेले पैसेही अडकतात, तेव्हा आधी सोसायटीच्या सचिवांना विचारून घ्या.

तात्या अजून म्हणतात, "व्याजच गेलं ना, रान तर नाही गेलं." व्याज मात्र आम्हीच भरलं. यंदाही पेरणीला बैल त्यांचाच होता.