आधी बंधारा, मग हार्डिन

राज्यशास्त्राची आणि पर्यावरणाची पोरं एकत्र बसवून कोल्हापुरात अभ्यासगट काढताय, तर सगळ्यांच्या मालकीची साधनं कशी सांभाळायची यावर आधी गॅरेट हार्डिन वाचावा की एलिनॉर ऑस्ट्रॉम, असं तुम्ही विचारलंय. आमचा गट सात वर्षं चाललाय, त्यावरून सांगतो.

आम्ही हार्डिनचा 1968 चा निबंध घेतला होता. सगळ्यांचं कुरण, प्रत्येक जण एक जनावर जास्त सोडणार, शेवटी कुरण उजाड. तावातावानं दोन तास वाद झाला. पुढच्या बैठकीला बारातले चार आले.

मग मे महिन्याच्या अखेरीस एका सदस्याच्या गावी, भोगावतीवरच्या बंधाऱ्यावर गेलो. आपला कोल्हापूर पद्धतीचाच. खांबांच्या खाचांत बरगे म्हणजे आडव्या फळ्या, दोन ओळींच्या मधे माती ठासलेली. पावसाळा सरला की बरगे घालायचे, जूनच्या तोंडाला काढायचे. लवकर काढले तर उसाचं एक पाणी हुकतं, उशीर झाला आणि वरून लोंढा आला तर पाणी कडेच्या रानात घुसतं. काठावर दोघांची त्यावरूनच जुंपली होती. एकाची मोटर नदीवर, दुसऱ्याचं रान काठाला लागून. "आठ दिवस ऱ्हाऊ दे की!" "आणि माझं रान गेलं तर तू देणार काय?" हार्डिनच्या कुरणातले गुराखी एकमेकांशी बोलतच नाहीत, हे तिथं उभं राहिल्यावर ध्यानात आलं.

ऑस्ट्रॉमबाईंना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच माणसांच्या अभ्यासावर. लोक आपले नियम आपण करतात, पाळतात, मोडणाऱ्याला दंडही करतात. पण त्यांच्या प्रेमात पडून थांबू नका (आमचं दीड वर्ष त्यात गेलं). त्यांची पहिलीच अट अशी की हद्द आणि हक्कदार स्पष्ट हवेत. बंधाऱ्यापुरतं हे चपखल बसतं. पंचगंगेला कुठली हद्द घालणार? प्रयाग चिखलीला भोगावतीसकट नद्या मिळून ती होते, नृसिंहवाडीला ती कृष्णेत जाते, पुढं कर्नाटकात अलमट्टी. त्या धरणाची पातळी 519.60 वरून 524.256 मीटर करायला महाराष्ट्राचा विरोध आहे. शहराचं सांडपाणी शिरोळच्या माणसाच्या दारात जातं, पण शहराच्या सभेत त्याला खुर्ची नाही. थरावर थर असलेल्या संस्था, हे बाईंचं यावरचं उत्तर. वरच्या थराला मात्र पाणीवाटपाचा लवाद आणि दोन सरकारं बसलेली असतात, आणि खरं राजकारण तिथंच सुरू होतं. गटाचा बहुतेक वेळ या प्रश्नाला द्या.

भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचाही एक दिवस ठेवा. सातही दरवाजे स्वयंचलित, पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात. खाली कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून 43 च्या धोका पातळीकडे सरकत असताना जबाबदार कुणाला धरायचं? आमच्याकडे यावर तीन बैठका झाल्या, एकमत नाही.

तेव्हा पहिली बैठक बंधाऱ्यावर घ्या. हार्डिनचा निबंध पाच-सहा पानांचाच आहे, काठावर बसून वाचून होतो. बरगे काढायचा दिवस गावाला आदल्या दिवशीच कळतो, म्हणून तिथला एखादा माणूस आधीच ओळखीचा करून ठेवा.