'औपचारिक पडताळणी' म्हणायचं का?

प्रश्न असा होता की मशीन लर्निंगमधल्या 'फॉर्मल व्हेरिफिकेशन'ला (म्हणजे प्रणाली ठरवलेलं विधान नेहमी पाळते हे गणिताने दाखवणं) मराठीत औपचारिक पडताळणी म्हणावं का, आणि 'रोबस्ट'ला (म्हणजे इनपुट थोडं बदललं तरी ज्याचं उत्तर बदलत नाही असं) मजबूत चालेल का. माझं मत, दोन्ही नको.

आधी औपचारिक बघू. हा शब्द 'उपचार'वरून आलाय आणि आपण तो वापरतो कसा, तर 'हो हो, सही फक्त औपचारिकता आहे'. म्हणजे करायचं म्हणून केलेलं काहीतरी. इथे अर्थ नेमका उलटा आहे, हे काम इतकं कडक असतं की एकही अपवाद सुटलेला चालत नाही. फॉर्मल लॉजिकला मराठीत आकारिक तर्कशास्त्र म्हणतातच, मग तोच शब्द इथे घ्यायला काय हरकत आहे? नाहीतर सरळ 'गणिती' म्हणा, सगळ्यांना कळेल.

खरी गंमत पडताळणीत आहे. पडताळा, ताळा हे मुळात हिशेबाचे शब्द. शाळेत गुणाकाराचा ताळा अंकांची बेरीज करून घ्यायचो, आठवतंय? २३ गुणिले १७ म्हणजे ३९१. आता चुकून ३१९ लिहिलंत तरी ताळा जुळतो, कारण अंक तेच, बेरीज तीच! ताळा चुकला तर उत्तर नक्की चूक, पण जुळला म्हणून बरोबर असं नाही. प्रोग्रॅमच्या टेस्टिंगचंही अगदी असंच असतं, संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा हेच सांगायचे, की चाचणीने चुका आहेत हे दाखवता येतं, नाहीत हे कधीच दाखवता येत नाही.

न्यूरल नेटवर्कच्या (उदाहरणांवरून शिकून, फोटोत काय आहे वगैरे ओळखणाऱ्या प्रोग्रॅमच्या) बाबतीत तर हे फारच बोचतं. २०१४ च्या एका गाजलेल्या पेपरात पांडाचा फोटो आहे, त्यात डोळ्याला दिसणारही नाही इतका बारीक फरक केला आणि नेटवर्क म्हणालं हा गिबन (एक वानर), तेही ९९.३ टक्के खात्रीने. हजार फोटोंवर ताळा जुळला तरी हजार एकाव्याचं काय? म्हणून 'या मर्यादेतल्या कुठल्याही बदलाने उत्तर बदलणार नाही' असं विधान मांडून ते सगळ्या शक्यतांसाठी एकदम सिद्ध करायचं. २०१७ मध्ये रिलूप्लेक्स नावाच्या पद्धतीने विमानांची टक्कर टाळायचा सल्ला देणाऱ्या ४५ छोट्या नेटवर्कवर असा प्रयत्न झाला, प्रत्येकात फक्त ३०० रिलू (नेटवर्कमधले साधे गणिती घटक), आणि तरी काही विधानांना तासन् तास लागले. तपासायचं काय, तर समोरून दुसरं विमान थेट आपल्याकडे येत असताना नेटवर्क 'धोका नाही' असं कधीच म्हणणार नाही, वगैरे. याला मी पडताळणी म्हणणार नाही, ही सिद्धता आहे. तर माझा शब्द: आकारिक सिद्धता. (पडताळणी फारच रुळली असेल तर 'गणिती पडताळणी' म्हणा, भांडत नाही.)

आता रोबस्ट. मजबूत म्हणजे मोडत नाही असं. पण पांडाला गिबन म्हणताना नेटवर्क मोडलं कुठे, ते तर मजेत चालू होतं! ढळलं ते उत्तर. मला आधी 'ठाम' सुचला होता, पण ९९.३ टक्के म्हणणारं ते चुकीचं उत्तरही ठामच की, खात्री आणि हे वेगळं. म्हणून 'अढळ', थोडं ढकललं तरी न ढळणारं. आणखी एक फायदा, अढळ म्हणजे बरोबर असं कोणी समजत नाही, चुकीच्या उत्तरावरही अढळ राहता येतंच. रोबस्ट नेटवर्कचं तेच आहे.

राहिलं वापराचं. 'ही सिस्टीम सुरक्षित असल्याचं सिद्ध झालंय' असं वाक्य हल्ली बरेचदा दिसतं, ते अर्धवट आहे. सिद्ध विधान होतं, सिस्टीम नाही, आणि विधानच भलतं लिहिलं असेल तर सिद्धता काय करणार. त्यामुळे लिहायचंच तर असं लिहा: 'या फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलच्या रंगात २५५ पैकी ८ पायऱ्यांपर्यंत बदल केला तरी उत्तर अढळ राहतं, हे सिद्ध केलंय.' लांबलचक होतं, माहितीये.