वाचकांचे प्रश्न : चारपैकी एकच बॅटरी बदलून भागेल का?

प्रश्न : माझ्याकडे २०१७ साली घेतलेली, नोंदणी न लागणारी साधी इलेक्ट्रिक स्कूटर आहे. मोटर २५० वॅटची असून पाय ठेवण्याच्या जागेखाली १२ व्होल्ट, २४ अँपिअर-अवरच्या चार लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या आहेत. सध्याचा सेट तीन वर्षांपूर्वी बसवला. सुरुवातीला एका चार्जिंगमध्ये ३५ किलोमीटर सहज होत असत. आता शहापूरहून गणपत गल्लीत बाजाराला जाऊन परत येताना कपिलेश्वर उड्डाणपुलाच्या चढावरच गाडीचा जोर संपतो. एक मेकॅनिक म्हणतो, चारपैकी एकच बॅटरी बसली आहे, तेवढी बदला. दुसरा म्हणतो, लिथियमचा ६० व्होल्टचा सेट टाका, गाडी चढाला जोरात पळेल. मी निवृत्त शिक्षिका आहे आणि हा खर्च मला पुन्हा पुन्हा करता येणार नाही. काय करावे?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : बाई, पहिल्या मेकॅनिकचे निदान बहुधा बरोबर आहे, पण त्याने सुचवलेला उपाय टिकणारा नाही, आणि दुसऱ्याचा सल्ला मात्र कृपा करून मानू नका. दोन्हींची कारणे सविस्तर सांगतो, म्हणजे दुकानात कोणी काहीही सांगितले तरी आपल्याला स्वतः ठरवता येईल.

आपल्या गाडीतल्या चार बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या आहेत, त्यामुळे चौघींतून सारखाच करंट जातो आणि सगळ्या सेटचा पल्ला सर्वांत अशक्त बॅटरीवर ठरतो. तीन वर्षे वापरलेल्या तिघींमध्ये एक नवी बसवली, तर जुन्या तिघी लवकर भरतात आणि नवी भरायची बाकी असतानाच चार्जर त्यांना तापवू लागतो. चालवताना मात्र जुन्याच आधी रिकाम्या होतात. अशा सेटमध्ये नवी बॅटरी कधी पूर्ण भरत नाही, जुन्या लवकर सुकतात आणि काही महिन्यांत आपण पुन्हा त्याच दुकानात उभ्या राहता. सेट घेऊन वर्षही झाले नसते आणि त्यातली एकच सदोष निघाली असती, तर त्याच कंपनीची, त्याच क्षमतेची एक बदलून घ्यायला हरकत नव्हती. तीन वर्षांनंतर चारही एकदम बदलणे हेच शेवटी स्वस्त पडते.

तरीही पैसे मोजण्यापूर्वी एकदा तपासणी करून घ्याच, कारण कधी कधी दोष बॅटरीत नसून सैल झालेल्या किंवा गंजलेल्या टर्मिनलमध्ये असतो आणि दहा मिनिटांत काम होते. रात्रभर चार्ज करून चार्जर काढावा, तीन-चार तास गाडी तशीच उभी ठेवावी आणि मग मल्टिमीटरने प्रत्येक बॅटरी वेगळी मोजावी. चांगली बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास दिसते, एखादी १२.४ च्या खाली असेल तर तिच्यावर संशय घ्यावा. मात्र नुसते एवढे मोजून निकाल देऊ नये. थकलेली बॅटरी उभ्या गाडीत पुष्कळदा चांगला आकडा दाखवते आणि भार पडताच कोसळते, म्हणून बॅटरीवाल्याकडच्या लोड टेस्टरवर चारही लावून पाहाव्यात. भार असताना जी १०.५ व्होल्टच्या खाली उतरते ती गेली, असे समजावे. मोजताना हातातल्या बांगड्या, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा आणि मेकॅनिकच्या पान्याला इन्शुलेशन टेप गुंडाळलेली आहे ना, तेही पाहा. दोन टर्मिनलांवर धातू आडवा पडला तर तो क्षणात लाल होतो.

आता लिथियमविषयी. जुन्या लेड-अ‍ॅसिड गाडीत लिथियमचा सेट बसवणे ही चांगली सुधारणा आहे, आणि आपल्याला एकदाच खर्च करायचा असेल तर मी तिचीच शिफारस करीन. पण तो सेट आपल्या गाडीतल्या ४८ व्होल्टच्या (१२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या) कंट्रोलरला, म्हणजे बॅटरीतून मोटरला वीज सोडणाऱ्या पेटीला, साजेसाच हवा. ६० व्होल्टचा सेट पूर्ण भरल्यावर, आतल्या सेलच्या जातीनुसार, ६७ ते ७३ व्होल्टपर्यंत जातो. ४८ व्होल्टच्या कंट्रोलरमध्ये बहुतेक वेळा ६३ व्होल्टपर्यंतचेच कपॅसिटर असतात, म्हणून असा सेट जोडल्यावर गाडी काही दिवस वेगाने पळाली तरी कंट्रोलर केव्हा जळेल याचा नेम नसतो. शिवाय २५० वॅटपेक्षा कमी शक्ती आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग या मर्यादांमुळेच अशा गाड्यांना नोंदणी आणि लायसन लागत नाही. व्होल्टेज वाढवून वेग वाढवला की गाडी त्या सवलतीबाहेर जाते, आणि उद्या अपघात झाला तर त्याचा त्रास आपल्यालाच होईल.

आपल्या गाडीला योग्य असा सेट म्हणजे लिथियम फेरोफॉस्फेट जातीच्या १६ सेलांची मालिका. या सेलचे व्होल्टेज ३.२ असते, म्हणून १६ सेलांचे ५१.२ होते आणि पूर्ण भरल्यावर ते ५८.४ पर्यंत जाते. आपल्या जुन्या सेटला चार्जर देत होता तेही साधारण ५९, त्यामुळे कंट्रोलरला काही परके वाटत नाही. बाजारात ‘४८ व्होल्ट’ या एकाच नावाखाली एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) या दुसऱ्या लिथियम जातीच्या १३ सेलांचे सेटही मिळतात. ते हलके आणि लहान असतात, पण त्यांचे पूर्ण भरलेले व्होल्टेज ५४.६ असते. अशा सेटला आपला जुना चार्जर लावला तर प्रत्येक सेलवर ४.२ ऐवजी ४.५ व्होल्ट येऊ पाहतात आणि मध्ये आडवी उभी राहते ती फक्त आतली बीएमएसची, म्हणजे सेलांवर लक्ष ठेवून धोका दिसताच वीज तोडणारी, इलेक्ट्रॉनिक पट्टी. ती पट्टी संकटकाळासाठी आहे, रोजच्या वापरासाठी नव्हे. म्हणून माझा आग्रह आहे की लिथियम घ्याल तेव्हा त्याच सेटसाठी बनवलेला चार्जर सोबत घ्यावा आणि जुना चार्जर घरात ठेवूच नये; घरातले दुसरे कोणीतरी तो एखाद्या रात्री चुकून लावते.

बीएमएस किती अँपिअरची आहे, हेही विचारा. माझ्या स्वतःच्या गाडीत एका दुकानदाराने २० अँपिअरच्या बीएमएसचा सेट बसवला होता. सपाट रस्त्यावर तो उत्तम चालला. पण मागे भरलेली बस असताना त्याच कपिलेश्वर पुलाच्या मध्यावर मीटर, दिवा, मोटर सगळे एकदम बंद पडले. चढावर कंट्रोलरने जास्त करंट ओढला आणि बीएमएसने आपले काम केले, एवढेच झाले होते. परंतु बसचालकाने वेळेवर ब्रेक लावला नसता तर हे उत्तर लिहायला मी नसतो. २५० वॅटच्या गाडीलाही सतत ३० अँपिअर झेपणारी बीएमएस असावी, असे मी तेव्हापासून सर्वांना सांगतो.

पल्ल्याचा हिशेब घरी करता येतो. लिथियमचा सेटही २४ अँपिअर-अवरचाच घेतला तर ५१.२ व्होल्टला २४ ने गुणले की १,२२९ वॅट-अवर येतात. त्यातले १,१०० वापरता येतात असे धरा. आपल्यासारखी हळू चालणारी गाडी किलोमीटरला २२ वॅट-अवरच्या आसपास खाते, म्हणजे ५० किलोमीटर झाले. लेड-अ‍ॅसिडमध्ये कागदावरची क्षमता जवळपास तेवढीच असूनही जोराने वापरताना तिचा मोठा भाग हाती लागत नाही, म्हणून आपल्याला ३५ मिळत होते. लेड-अ‍ॅसिडचा सेट साधारण ३०० वेळा पूर्ण रिकामा-भरला होईपर्यंत टिकतो, तर चांगल्या फेरोफॉस्फेट सेलांचा दीड हजार वेळांच्याही पुढे जातो. प्रत्येक सेटच्या या वेळांना त्याच्या एका चार्जिंगच्या किलोमीटरांनी गुणा आणि दुकानात विचारलेल्या किमतीला त्या एकूण किलोमीटरांनी भागून पाहा, म्हणजे आज महाग वाटणारा सेट खरोखर महाग आहे का, ते कळेल.

बसवताना दोन गोष्टी स्वतः उभ्या राहून पाहा. लिथियमचा सेट १२ किलोच्या आसपास असतो आणि जागा मात्र २८-३० किलोच्या चार बॅटऱ्यांसाठी केलेली असते. मोकळ्या राहिलेल्या जागेत रबराचे किंवा फोमचे तुकडे घट्ट बसवले नाहीत, तर आपल्या गल्लीबोळांतल्या खड्ड्यांत सेट आपटत राहतो आणि आतले जोड सुटतात. दुसरे म्हणजे जुन्या मीटरचा काटा. या जातीच्या लिथियमचे व्होल्टेज शेवटपर्यंत फारसे उतरत नाही, त्यामुळे काटा बराच वेळ ‘भरलेली’ दाखवतो आणि मग एकदम खाली येतो. काट्यावर न जाता किलोमीटर मोजून चार्ज करावे. चाळीस झाले की घरी लावावी.

दुकानदाराकडून पक्के बिल, सेलची जात आणि संख्या, बीएमएसचे अँपिअर आणि वॉरंटीचे महिने एका कागदावर लिहून घ्या. २०२२ साली इलेक्ट्रिक दुचाकींना आगी लागल्यानंतर एआयएस १५६ या बॅटरीच्या सुरक्षिततेच्या मानकाचे नियम कडक करण्यात आले आणि १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. आपला सेट त्या मानकानुसार तपासलेला आहे का, असे सरळ विचारा. जो या प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी किंमत कमी करू लागतो, त्याच्याकडून घेऊ नका.

प्रश्न : आमचे गाव कणकुंबीजवळ आहे. पावसाळ्यात चार महिने लिथियमची स्कूटर ओट्यावर झाकून ठेवली होती. आता चार्जर लावला तरी हिरवाच दिवा दिसतो आणि बॅटरी भरत नाही. गावातला एक जण म्हणतो, बीएमएस बाजूला काढून थेट चार्जिंग देतो. देऊ द्यावे का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : मुळीच देऊ नये. आपल्या भागातला पाऊस पाहता गाडी बंद ठेवणे समजण्यासारखे आहे, पण बंद गाडीतही बीएमएस आणि कंट्रोलर थोडी थोडी वीज घेतच असतात, आणि चार महिन्यांत सेल इतके खाली जाऊ शकतात की बीएमएस चार्जिंग स्वीकारत नाही. ती बिघडलेली नसून जाणूनबुजून वाट अडवून बसलेली असते. लिथियमचा सेल फार खाली जाऊन बराच काळ तसाच राहिला, तर आतल्या तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि पुन्हा चार्ज करताना ते तांबे आत भलत्याच जागी साचून शॉर्ट होतो. आग अशीच लागते, तीही बहुधा रात्री, घराला लागून उभ्या असलेल्या गाडीत. सेट बेळगावला नेऊन जाणकाराकडून प्रत्येक सेल वेगळा मोजून घ्या. सगळे सेल २.५ व्होल्टच्या आसपास असतील तर अगदी कमी करंटने, समोर बसून ते वर आणता येतात. एखादा २ च्या खाली असेल किंवा फुगला असेल तर तो सेट घरात परत आणू नका. पुढच्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी बॅटरी निम्म्याहून थोडी अधिक भरून मेन स्विच, म्हणजे एमसीबी, खाली पाडून ठेवा आणि महिन्यातून एकदा तपासा. लेड-अ‍ॅसिड गाडी असती तर याच्या उलट, पूर्ण भरून ठेवायला सांगितले असते.

प्रश्न : मी तंबाखूच्या वखारीत हिशेब पाहतो. जुन्या लिथियम सेटला समांतर आणखी एक नवा सेट जोडून पल्ला दुप्पट करता येईल का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : थेट जोडू नका. एक भरलेला आणि एक अर्धा असे दोन सेट जोडले की भरलेल्यातून दुसऱ्यात इतका करंट धावतो की वायर वितळते. दोन्हींचे व्होल्टेज सारखे असेल तर मध्ये पुरेशा अँपिअरचा चेंजओव्हर स्विच बसवून, गाडी थांबवून, एका वेळी एकच सेट वापरता येतो. मात्र दोघांना चार्ज वेगवेगळे करावे लागते.

प्रश्न : काढलेल्या जुन्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या भंगारवाल्याला दिल्या तर चालेल का?
— एक वाचक, संकेश्वर

उत्तर : नव्या घेता त्याच दुकानात द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि शिशाला किंमत असल्यामुळे दुकानदार वजनावर पैसे वजाही करून देतो. फिरता भंगारवाला पुष्कळदा अ‍ॅसिड गटारीत ओतून नुसते शिसे घेऊन जातो, आणि आपल्याकडे कितीतरी घरांच्या विहिरी त्या गटारीपासून चार पावलांवर आहेत.