मिसळीच्या दुकानाची फ्रँचायझी: पाच लाख घेण्याआधी काय तयार हवं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत चार वर्षं मिसळीचं दुकान चांगलं चाललंय, पुण्याचा एक आणि इचलकरंजीचा एक असे दोघं ‘पाच लाख देतो, नाव द्या’ म्हणून मागे लागलेत. द्यावं का, आणि रॉयल्टी, म्हणजे नाव वापरण्याबद्दल दरमहा घ्यायचा विक्रीतला हिस्सा, किती लावावी?

माझं मत स्पष्ट आहे. आत्ता कुणाचेच पैसे घेऊ नका. आधी स्वतःची दुसरी शाखा काढा आणि ती तुम्ही आठवड्यातून एकदाच तिकडे फिरकलात तरी सहा महिने नीट चालते का, ते बघा. समोरचा माणूस पाच लाख देतो तो तुमचं दुकान त्याच्या हातूनही तसंच चालेल या भरवशावर. तो भरवसा खरा आहे का, हे त्याच्या पैशाने तपासणं बरोबर नाही.

मिसळीत पहिली गोष्ट बिघडते ती कट. तुमच्याकडे मसाला ‘अंदाजाने’ पडत असेल, तर तो अंदाज पुण्याला पाठवता येत नाही. वाटी-चमच्याची मापं बंद करून सगळं ग्रॅममध्ये लिहा. दहा लिटर कटाला तेल किती, मसाला किती, मीठ किती, किती मिनिटं उकळायचा. प्लेटमध्ये उसळ, कट, फरसाण, कांदा यांचं वजन किती. उसळीला आणि कटाला वेगवेगळ्या मापाचे डाव ठरवा आणि सगळ्या शाखांना तेच द्या. डाव बदलला की प्लेटचा खर्च बदलतो, हे महिनाअखेरीलाच कळतं.

मसाला कोरडा करून तुमच्याकडूनच पाकिटात जायला हवा. ओलं वाटण प्रवासात टिकत नाही, आणि भाजलेलं खोबरं घातलेला मसालाही उन्हाळ्यात लवकर खवट होतो. म्हणून खोबरं वेगळं ठेवा किंवा महिनाभर पुरेल एवढाच माल दळा. मिरचीचा रंग आणि तिखटपणा दर हंगामात बदलतो. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वर्षाची मिरची एकदम घेऊन ब्याडगी आणि तिखट मिरचीचं प्रमाण त्या लॉटप्रमाणे नव्याने ठरवावं लागतं. हे काम कुठल्याही शाखेवर सोडू नका. गोली वडापाव ही दुकानांची साखळी २००४ मध्ये कल्याणला सुरू झाली. पुढे त्यांनी वडा कारखान्यात बनवून, गोठवून दुकानात पाठवायची पद्धत बसवली. दुकानात उरलं ते तळणं. तुमच्या धंद्यातही कौशल्याचं काम जितकं मागच्या स्वयंपाकघरात राहील, तितकी शाखा सुरक्षित.

दुसरी गोष्ट पाणी. हिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. बोअरच्या जड पाण्यात मटकी लवकर शिजत नाही. मग आचारी सोडा टाकतो, आणि उसळीचा लगदा होतो. जागा पक्की करण्याआधी तिथल्याच पाण्यात तुमची मटकी शिजवून बघा. फरसाण शाखेत तळणार असाल तर तेलाची ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात वाढत जाणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल टाकावंच लागतं, हा २०१८ पासूनचा नियम आहे. त्यापेक्षा फरसाणही तुमच्याकडूनच द्या. कट ६० अंश सेल्सिअसच्या खाली उतरू द्यायचा नाही. प्रत्येक शाखेत थर्मामीटर आणि रोजची नोंदवही हवी.

आता हिशोब. रॉयल्टीचा आकडा फ्रँचायझी घेणाऱ्याच्या महिन्याच्या नफा-तोट्याच्या हिशोबातून काढायचा असतो. उदाहरण म्हणून एक शाखा धरा: जीएसटी वगळून महिन्याची विक्री साडेचार लाख. कच्चा माल ३५ टक्के, म्हणजे १,५७,५००. भाडं ६०,०००. पाच माणसांचे पगार ८५,०००. गॅस, वीज, पाणी ३०,०००. विक्रीतला ३० टक्के भाग डिलिव्हरी ॲपवरून आणि त्यावर करासह २५ टक्के कमिशन, म्हणजे ३३,७५०. दुरुस्ती, साफसफाई वगैरे १२,०००. हातात राहिले ७१,७५०.

त्यातून विक्रीच्या ६ टक्के रॉयल्टी २७,०००. शिवाय रॉयल्टीवर १८ टक्के जीएसटी, ४,८६०. पाच टक्के जीएसटी लावणाऱ्या हॉटेलला या कराचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो स्वतःच्या करातून वळता करता येत नाही, त्यामुळे तुमची ६ टक्के रॉयल्टी त्याला ७.०८ टक्क्यांना पडते. पाच लाखांच्या फीवरही तसंच. त्याच्या खिशातून ५ लाख ९० हजार जातात. आता त्याच्याकडे उरले ३९,८९०. एकूण १५ लाख घातले असतील तर ते वसूल व्हायला तीन वर्षांहून जास्त, तेही कर्जाचं व्याज आणि त्याची स्वतःची मेहनत न धरता. रॉयल्टी ४ टक्के केलीत तर ५०,५१० उरतात आणि हाच काळ अडीच वर्षांवर येतो.

मसाला-फरसाणातलं तुमचं मार्जिनही यातच धरा. महिन्याला ८० हजारांचा माल गेला आणि त्यात तुमचे १५ टक्के असतील, तर १२,००० तिथेच मिळाले. सहा टक्के रॉयल्टीसोबत तुम्ही प्रत्यक्षात साडेआठ टक्क्यांच्या वर घेताय. मला विचाराल तर रॉयल्टी ३-४ टक्के ठेवा आणि मालावर कमवा, कारण माल मोजता येतो. विक्री लपवता येते, मसाला लपवता येत नाही. १ किलो मसाल्यात ८० प्लेटा होत असतील आणि शाखेने महिन्यात ६० किलो उचलला, तर ४,८०० प्लेटा दिसायला हव्यात. बिलं ४,००० चीच असतील तर ८०० प्लेटा बिलाबाहेर गेल्या, नाहीतर कट मापापेक्षा जास्त वाढला जातोय. आणि ४० किलोत ४,८०० प्लेटा दिसल्या, तर बाहेरचा मसाला मिसळतोय, हे त्याहून वाईट. बिलिंग सॉफ्टवेअरचं मुख्य लॉगिन तुमच्याकडे आणि रॉयल्टी विक्रीवर हवी, नफ्यावर नको. नफा कागदावर शून्य करायला वेळ लागत नाही.

कागदपत्रांबद्दल. भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे जे करारात लिहिलं तेच तुमचं संरक्षण. नाव आणि लोगोचा ट्रेडमार्क आधी टाका: हॉटेल सेवेसाठी वर्ग ४३, मसाल्यासाठी वर्ग ३०. नुसतं ‘सांगली मिसळ’ असलं नाव नोंदवायला अडचण येते, कारण गाव आणि पदार्थ कुणा एकाचे होत नाहीत; वेगळा शब्द जोडा. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेचा) परवाना प्रत्येक शाखेचा वेगळा आणि तुमच्या मसाला केंद्राचाही वेगळा. जागेचा भाडेकरार नोंदणीकृत आणि फ्रँचायझीच्या मुदतीइतका हवा. पाच वर्षांची फ्रँचायझी आणि अकरा महिन्यांची जागा, यात दोघंही अडकतात.

‘करार संपल्यावर तीन वर्षं मिसळीचा धंदा करायचा नाही’ हे कलम बरेच जण घालतात. भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे ते सहसा टिकत नाही. करार चालू असतानाचं बंधन मात्र टिकतं. गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या १९९५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलंय. करार संपल्यावर त्याला अडवता येत नाही, म्हणून मसाल्याचं प्रमाण शाखेला द्यायचंच नाही, फक्त पाकीट द्यायचं. करार संपल्यावर सात दिवसांत बोर्ड उतरवणं आणि ॲपवरचं नाव बदलणं, त्यासाठी अनामत रक्कम, हे लिहून घ्या. दुकानाचा फोन नंबर आणि गूगलवरचं पान सुरुवातीपासून तुमच्या नावावर ठेवा. मॅकडोनाल्ड्सने २०१७ मध्ये उत्तर आणि पूर्व भारतातल्या १६९ दुकानांचा करार रद्द केला, तरी त्यातली बरीच दुकानं त्याच नावाने चालू राहिली आणि वाद २०१९ मध्ये तडजोडीने मिटला. एवढ्या मोठ्या कंपनीला बोर्ड उतरवता आले नाहीत, हे लक्षात ठेवा.

त्या दोघांपैकी निवड करायचीच झाली, तर दुसरी शाखा सहा महिने चालल्यावर इचलकरंजीवाल्याला आधी द्या. काही बिघडलं तर तुम्ही तासाभरात पोचता. पुण्याला एकट्या शाखेसाठी गाडी पाठवणं मालाच्या मार्जिनमध्ये बसत नाही. तिथे तीन-चार शाखांची तयारी असेल तेव्हाच जा. इचलकरंजीवाल्याला सहीआधी २१ दिवस तुमच्या दुकानात पहाटेपासून उभं राहायला सांगा, माणूस पाठवून चालणार नाही. आणि त्याला वरचा महिन्याचा हिशोब त्याच्या जागेचं भाडं घालून तुमच्यासमोर मांडायला लावा.