परदेशी विद्यापीठाचा स्पोर्ट्स कम्युनिकेशनचा ऑनलाइन समर कोर्स कोल्हापुरात बसून केला तर उपयोग होतो का?

तुम्ही बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, खेळांवर लिहायची हौस आहे, आणि अमेरिकेतल्या विद्यापीठाचा मीडिया आणि स्पोर्ट्स कम्युनिकेशनचा समर कोर्स घरबसल्या करावा का, असं विचारलंय. मी इथेच एका दैनिकाचं क्रीडा पान बघतो आणि असा एक कोर्स नोकरी सांभाळून केलाय. उपयोग होतो, पण सर्टिफिकेटचा नव्हे. तुमचं लिखाण कुणीतरी ओळ न् ओळ तपासून परत देणार असेल तरच पैसे भरा. नुसते व्हिडिओ बघायचे असतील तर ते फुकटही मिळतात.

तिकडची उन्हाळी सत्रं मे ते ऑगस्टमध्ये होतात. म्हणजे आपल्याकडे पाऊस, आणि तुमचं कॉलेज जूनमध्ये सुरू झालेलं. सुट्टीत करून टाकू, हे गणित इथे जुळत नाही. शिवाय ३ क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे पदवीसाठी अभ्यास मोजायचं एकक) विषय तिकडे एरवी साधारण १५ आठवडे चालतो; तासाला बसणं आणि घरचा अभ्यास धरून सुमारे १३५ तासांचं काम. तेच उन्हाळ्यात ६ आठवड्यांत कोंबलं की आठवड्याला २२ तासांच्या वर जातं. सोबत नेहमीचं कॉलेज असेल तर एकच विषय घ्या.

वेळेचंही बघा. न्यूयॉर्कची उन्हाळी वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. तिकडच्या रात्री ११.५९ ची डेडलाइन आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ९.२९ ला येते, हे सोयीचंच. पण संध्याकाळी ६ चा लाइव्ह तास म्हणजे आपली पहाटेची साडेतीन. म्हणून रेकॉर्ड केलेले तास आपल्या वेळेने बघता येतील असाच कोर्स निवडा.

आता शिकवतात काय? नावावरून वाटतं तसं हे फक्त क्रीडा पत्रकारितेचं शिक्षण नसतं. निम्मं काम टेबलाच्या पलीकडचं असतं : संघाचा किंवा संघटनेचा माणूस म्हणून प्रेस नोट लिहिणं, पत्रकार परिषद लावणं, खेळाडू वादात सापडला तर पहिल्या तासाभरात काय बोलायचं आणि काय नाही ते ठरवणं, सोशल मीडिया सांभाळणं. मला सगळ्यात जास्त मिळालं ते इथेच. आपल्याकडे स्पर्धेची प्रेस नोट येते तेव्हा पहिल्या परिच्छेदात उद्घाटक, दुसऱ्यात प्रमुख पाहुणे, आणि कोण जिंकलं ते शेवटून दुसऱ्या ओळीत! हे नीट लिहून देणारा माणूस प्रत्येक संघटनेला हवाय. पगार द्यायची तयारी किती जणांची आहे, हा वेगळा प्रश्न.

प्रसारण हक्कांचा भागही कामाचा. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे हक्क ४८,३९० कोटींना का गेले, टीव्ही आणि डिजिटलचे हक्क वेगवेगळे विकल्याने काय झालं, हे तिकडच्या वर्गात शिकलेल्या चौकटीत घालून बघितलं की चटकन उलगडतं. उलट अमेरिकन कॉलेज-खेळांचा कायदेकानू भरपूर असतो. २०२१ पासून तिथल्या कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमावता येतं, त्यावर पानंच्या पानं वाचायला लावतात. परीक्षेपुरतं वाचा.

असाइनमेंटला विषय मात्र इथलेच घ्या. केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) फुटबॉल लीगमधला पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा सामना, शाहू स्टेडियमवरची गर्दी, पेठांची ईर्ष्या : गल्लीतल्या तालमीचं नाव लावून फुटबॉल संघ का खेळतो, हे परदेशी प्राध्यापकाला समजावताना तुमची पार्श्वभूमी लिहिण्याची कसोटी लागते. खासबागेच्या कुस्ती मैदानातल्या निकाली कुस्तीचंही तसंच. किंवा १ ऑगस्ट २०२४ घ्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह ब्राँझ मिळवलं. या प्रकारातलं भारताचं ते पहिलंच ऑलिंपिक पदक. तासाभरात दोनशे शब्दांची प्रेस नोट लिहून बघा. थ्री पोझिशन्स म्हणजे गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभं राहून नेम धरायचा, हे एका वाक्यात बसवताना घाम फुटतो. असे पाच-सहा तपासलेले नमुने हाताशी असले तर संपादक तेच आधी वाचतो. निदान मी तरी.

पैशांचं म्हणाल तर एका क्रेडिटलाच काही शे डॉलर लागतात, वर कार्डाचा परकीय चलनाचा आकार. घरी बसून शिकायचं असल्याने व्हिसा लागत नाही. भरण्याआधी प्राध्यापकांना थेट ईमेल करून सिलॅबस मागवा आणि लेखी असाइनमेंट किती, शेरे कोण देतं, ते विचारा. शेरे देणारं कुणी नाही असं कळलं तर नाद सोडा. हे क्रेडिट इथल्या पदवीत धरले जातील असं गृहीतही धरू नका. कॉलेजच्या परीक्षा विभागाकडून आधी लेखी घ्या. क्रेडिटच हवे असतील तर स्वयम् हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल बघा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय तिथून घेता येतात, कॉलेजची मान्यता मात्र आधी हवी. आणि शिवाजी विद्यापीठाचा पत्रकारितेचा विभाग तर तुमच्या गावातच आहे. तिथे एकदा जाऊन बोलून या, मग डॉलरचा हिशोब करा.