हाक मारली की बघते, मग कान ठीक समजायचे का?

प्रश्न : माझी मुलगी चार वर्षांची आहे, तिला लिव्हरचा ट्यूमर आहे आणि सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचे दोन डोस झालेत. हल्ली ती टीव्हीचा आवाज वाढवायला सांगते, ‘सात’ म्हटलं तर ‘आत’ म्हणते. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले हाक मारली की बघते ना, मग कान ठीकच आहेत. खरंच टेस्ट करायला हवी का?

उत्तर : ताई, हो, करायलाच हवी, आणि पुढच्या डोसच्या आधी. हाकेला बघते यावरून काहीच ठरत नाही, कारण सिस्प्लॅटिन कानातल्या ज्या बारीक पेशी मारतं त्यात आधी जातात त्या उंच, बारीक आवाजाच्या, आणि नावातले स्वर असतात जाड आवाजाचे, ते तिला ऐकू येतात. स, श, फ मात्र बारीक आवाजाचे, म्हणून ‘सात’चं ‘आत’ झालं असू शकतं. तुम्ही हे टिपलंत ते फार मोलाचं आहे, ऑडिओलॉजिस्टला (ऐकणं तपासणारे तज्ज्ञ) अगदी असंच सांगा.

या वयात खेळातून टेस्ट होते, बीप ऐकली की ठोकळा डब्यात टाकायचा. नेहमीची टेस्ट ८००० हर्ट्झपर्यंतच जाते, पण नुकसान त्याच्याही वरून सुरू होतं, म्हणून त्यावरची हाय फ्रिक्वेन्सी टेस्ट जमते का विचारा. ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी टेस्ट) पण मागा, कानात छोटा प्रोब ठेवतात, मूल झोपलेलं असलं तरी चालतं आणि बिघाड बरेचदा ऑडिओग्रामच्या (बीपच्या टेस्टच्या आलेखाच्या) आधी दिसतो. फक्त सर्दीने कानात पाणी असेल तर आतल्या पेशी ठीक असूनही ओएई बिघडलेली येते, त्यामुळे आधी टिम्पॅनोमेट्री, म्हणजे पडद्यामागे पाणी आहे का ते बघणारी टेस्ट.

खरं तर पहिली टेस्ट पहिल्या डोसच्या आधीच व्हायला हवी होती, म्हणजे तुलना करता येते. ती राहिली म्हणून आता सोडून देऊ नका, आजची टेस्ट पाया धरा आणि प्रत्येक डोसच्या आधी पुन्हा करा. तापासाठी अमिकासिन किंवा जेंटामायसिन ही अँटिबायोटिक दिली असतील तर तेही सांगा, कानावरचा धोका वाढतो.

केमो स्वतःहून थांबवू नका हं, ट्यूमर आधी. पण रिपोर्ट हातात असला की ऑन्कोलॉजिस्टशी (कॅन्सरच्या डॉक्टरांशी) नीट बोलता येतं. ट्यूमर पसरलेला नसेल तर सोडियम थायोसल्फेट या कान जपणाऱ्या औषधाबद्दल विचारा, सिस्प्लॅटिन संपल्यावर सहा तासांनी देतात, अमेरिकेत २०२२ साली मुलांसाठी मंजूर झालंय. गेलेलं ऐकणं ते परत आणत नाही, पुढचं नुकसान कमी करू शकतं, म्हणूनच घाई.

आणि केमो संपली तरी तपासण्या चालू ठेवा, कारण ऐकणं नंतरही कमी होत जाऊ शकतं.